खान्देशात परफॉर्मन्स आर्टवर टीकात्मक चर्चा कशी रुजवता येईल?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात तुमच्या गटाने परफॉर्मन्स आर्टची, म्हणजे कलाकार स्वतःचं शरीर आणि कृती हेच माध्यम करतो अशा कामांची, दोन सादरीकरणं केली, लोक आले, शेवटपर्यंत थांबले, ‘वेगळं होतं’ म्हणाले आणि चपला घालून घरी गेले. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे कळतच नाही का, असा तुमचा प्रश्न आहे. मी जळगावात चित्रकला शिकवते आणि एका मित्राच्या रिकाम्या गोदामात असे प्रयोग आणि त्यानंतरची बैठक घेते. माझं म्हणणं असं की प्रेक्षकाला खूप काही दिसतं. आपण त्याला ‘अर्थ काय?’ असं विचारतो आणि तिथेच त्याचं तोंड बंद होतं.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण मी जे काही शिकले ते त्यातूनच.

कला शाखेतल्या एका मुलीने कापसावर काम केलं होतं. ती गोणपाटावर बसली. डाव्या हाताला कापसाचा ढीग, उजव्या हाताला स्टीलचं भांडं. तीन तास ती बोटांनी कापसातून सरकी सोडवत होती आणि एकेक दाणा भांड्यात टाकत होती. बोलणं नाही, संगीत नाही. आम्ही वीस-बावीस जण भिंतीला टेकून बसलो होतो. तीन तासांनी रुईचा ढीग जेमतेम उशीएवढा झाला होता.

संपल्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी ‘हे ग्रामीण स्त्रीच्या वेदनेचं प्रतीक आहे’ असं सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. चर्चा तिथेच संपली असती. मी म्हटलं, अर्थ राहू द्या, प्रत्येकाने फक्त डोळ्यांना काय दिसलं आणि कानाला काय ऐकू आलं ते सांगा. एक मुलगा म्हणाला, सुरुवातीला दाणा पडल्याचा टणकन आवाज यायचा, भांड्याचा तळ भरला तसा तो बंद झाला, आणि आवाज बंद झाल्यावर मला अस्वस्थ वाटायला लागलं. दुसरी म्हणाली, ती एकदाही घड्याळाकडे बघत नव्हती, आम्हीच बघत होतो.

मग पारोळ्याकडच्या एक आजी, नातवासोबत आलेल्या, पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, ‘बेटा, तुना हात दखाड.’ तिने हात पुढे केला. आजींनी तो उलटसुलट करून पाहिला. ‘सरकी काढानं काम त जिनिंगमा व्हस. आमी त कापूस येचतस.’ एवढं बोलून त्यांनी स्वतःची बोटं दाखवली. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसून झालेले व्रण होते. मुलीचा हात अगदी स्वच्छ होता.

मला तर ही अस्सल समीक्षा वाटते. शेतातल्या बाईचे श्रम दाखवायचे म्हणता, पण जे काम दाखवलं ते यंत्र करतं. मग हे श्रम कोणाचे? त्यावर एका विद्यार्थ्याने आजींचाच प्रतिवाद केला: हा काही माहितीपट नाही, बी वेगळं करण्याची ती एक प्रतिमा आहे, प्रतिमेने शेताचा हिशेब का द्यावा? मुलगी म्हणाली, मला त्या आवाजासाठी सरकी हवी होती. तासभर वाद चालला. काही महिन्यांनी तिने तेच काम पऱ्हाटीसकट, म्हणजे कापसाच्या झाडासकट, बोंडं आणून पुन्हा केलं. हात ओरबाडले गेले, रक्तही आलं. माझ्या मते तो दुसरा प्रयोग कमजोर झाला. सगळ्यांचं लक्ष रक्ताकडे गेलं आणि पहिल्या प्रयोगात जो वेळ अंगावर येत होता तो निसटला. हे मी तिला सांगितलं. तिला पटलं नाही, आणि त्या मतभेदावर आम्ही अजून बोलतो.

तेव्हा पहिली गोष्ट, सुरुवात वर्णनाने करा. आवडलं-नावडलं आणि अर्थ हे नंतर. वर्णन करताना लेवा बोली बोलणारा आणि अहिराणी बोलणारा, दोघेही प्राध्यापकाच्या बरोबरीने बोलू शकतात. प्रमाण मराठीचा आग्रह बैठकीत अजिबात धरू नका. ‘समकालीन’, ‘अवकाश’, ‘विमर्श’ असले शब्द कोणी वापरले तर मी थांबवून विचारते की नेमकं काय दिसल्यामुळे हा शब्द सुचला.

पद्धत हवी असेल तर अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी 1990 मध्ये मांडलेली एक आहे. तिचे टप्पे चार. आधी प्रेक्षक सांगतात की त्यांना काय भिडलं. मग कलाकार स्वतःचे प्रश्न विचारतो. मग प्रेक्षक विचारतात, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. म्हणजे ‘एवढं लांबवलं कशाला?’ असं न विचारता ‘तीन तास ठरवताना मनात काय होतं?’ असं विचारायचं. शेवटी मत, तेही ‘या गोष्टीबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?’ अशी परवानगी घेऊन. तिसरा टप्पा आमच्याकडे फार कामी आला. चौथा जसाच्या तसा चालला नाही, कारण साठीचे काका विशीतल्या मुलीची परवानगी मागत नाहीत आणि मुलगी त्यांना नाही म्हणत नाही. म्हणून आम्ही मतं चिठ्ठीवर लिहून घेतो, नाव न घालता, आणि कलाकार त्यातल्या हव्या त्या चिठ्ठ्या वाचते. चिठ्ठ्या सुरू झाल्यापासून मुली सगळ्यात परखड लिहायला लागल्या. समोरासमोर त्या गप्प का बसत होत्या, याचा विचार मी आधीच करायला हवा होता.

प्रयोग आणि बैठक यांच्यामध्ये चहाची पंधरा मिनिटं ठेवा. लोक ओट्यावर जे बोलतात तेच खरं असतं. आत आल्यावर तेच पुन्हा बोलायला लावा. प्रमुख पाहुणे, सत्कार, शाल-नारळ यांतलं काही नको. एका संस्थेत माझ्या विद्यार्थ्याच्या कामानंतर व्यासपीठावरच्या मान्यवरांनी अर्धा तास कौतुक केलं, मग आभार झाले, आणि त्या मुलाला कोणीही एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. तो रात्री मला म्हणाला, ‘मॅडम, त्यांनी पाहिलं का?’

चर्चेसाठी दर वेळी नवा प्रयोगच हवा असं नाही. जुन्या कामांचं वर्णन वाचूनही बैठक होते. परफॉर्मन्स कलाकार मरिना अब्रामोविचने 1974 मध्ये नेपल्समध्ये टेबलावर 72 वस्तू मांडल्या, त्यात गुलाब होता, ब्लेड होतं, पिस्तूल आणि गोळीसुद्धा होती, आणि सहा तास प्रेक्षकांनी माझ्यावर यातलं काहीही वापरावं असं सांगून ती उभी राहिली. लोकांनी तिचे कपडे कापले, तिला इजा केली. मी हे सांगून विचारलं की आपण त्या खोलीत असतो तर कितव्या तासाला मध्ये पडलो असतो? गोदामात खूप वेळ कोणी बोललं नाही. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर मुंबईच्या कलाकार रुम्माना हुसेन यांचं घ्या. 1992-93 च्या मुंबईतल्या हिंसेनंतर, 1995 मध्ये त्या तिथल्याच एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात घुंगरू बांधून, हातात कापलेली पपई घेऊन, आवाज न काढता तोंड उघडं ठेवून चालल्या. पपईच का, घुंगरू का, किंचाळी मुकी का, यावर आमचे लोक भरभरून बोलले.

एक गोष्ट मात्र करू नका. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या काठी गावच्या आदिवासी होळीत मोरपिसांचे टोप घालून नाचणारे बावा-बुध्या दाखवून ‘आपल्याकडे परफॉर्मन्स आर्ट आधीपासूनच आहे’ असं म्हणण्याचा मोह होतो. ते लोक व्रत पाळतात, त्यांचा नवस असतो, त्यांचे नियम त्यांच्या समाजाने ठरवलेले असतात. गॅलरीतल्या कामाला लावायचे प्रश्न तिथे लावणं मला अन्यायाचं वाटतं. तुलना करायचीच असेल तर प्रेक्षकाची करा. जत्रेतल्या तमाशात खान्देशी माणूस वगात रस कुठे सुटला ते बोलून दाखवतो, मग आपल्या गोदामातच तो पाहुण्यासारखा का बसतो?

लिखाणही लागेल. स्थानिक बातमीत उद्घाटक आणि उपस्थितांची नावं येतात, कामात काय घडलं ते येत नाही. आम्ही प्रत्येक बैठकीनंतर एकाला तीनशे शब्द लिहायला लावतो. त्यात निम्मं वर्णन असायलाच हवं, आणि निदान एक आक्षेपही.

पहिल्या बैठकीला विषय सुचत नसेल तर आमचा घ्या. तैवानचा कलाकार तेचिंग शिए न्यूयॉर्कमध्ये 1980-81 मध्ये वर्षभर दर तासाला कामगाराच्या हजेरीयंत्रात कार्ड घालत राहिला, 8,760 पैकी 133 वेळाच चुकला. आणि आपल्या चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) स्टेशनजवळच्या घरात जवळजवळ आयुष्यभर स्वतःहून कोंडून राहिले. प्रेयसी गाडीने येईल म्हणून ते रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला जेवण तयार ठेवायचे, असं तिथे सांगतात. शिएने आपलं वर्ष कला म्हणून जाहीर केलं, मूस यांनी वाट पाहण्याला असं कुठलंच नाव दिलं नाही. आमच्याकडे यावर दोन तट पडले. एकाने विचारलं, बघणारा कोणी नसताना केलेली गोष्ट कला कशी? त्यावर भुसावळहून आलेली एक मुलगी म्हणाली, ‘त्या घरात रोज दिवा लागायचा ना? मग स्टेशनवरून कोणीतरी तो पाहतच असणार.’ रात्रीचे साडेदहा वाजले होते, तिची पॅसेंजर होती, म्हणून बैठक तिथेच थांबवावी लागली.