येळवणी आणि कटाची आमटी: यातली कानडी कोण?

प्रश्न असा आला आहे: ‘माझं माहेर पुण्याचं, सासर लातूरकडचं. पुरणाच्या दिवशी माहेरी कटाची आमटी होते, सासरी येळवणी. दोन्ही एकच का? नवरा म्हणतो, येळवस हा आमच्याकडचा सण जसा कानडी तशी येळवणीही कानडी. सासूबाई म्हणतात, ऐन वेळेला होते म्हणून येळवणी. मी घरातल्या पदार्थांची वही लिहायला घेतली आहे. तीत शुद्ध करून वेळवणी लिहू का?’

पदार्थापुरतं विचाराल तर मूळ एकच. हरभऱ्याची डाळ पुरणासाठी भरपूर पाण्यात शिजवायची. बोटांत दाबली की मोडली पाहिजे, पण पाण्यात विरघळता कामा नये. मग ती चाळणीवर ओतून निथळायची. वर उरते ती डाळ गुळात जाते. खाली पातेल्यात उतरतं ते पिवळसर, जरा फेसाळ पाणी, आणि या पाण्याला फोडणी बसली की झाली तुमची आमटी. मूठभर शिजलेली डाळ किंवा डावभर पुरण मागे ठेवून त्यात घोटतात, नाहीतर ती पाणचट होते. फरक पडतो तो मसाल्यात. पुण्याकडे गोडा मसाला, चिंच, गूळ. लातूर-धाराशिवकडे काळा मसाला किंवा येसर, करपण्याच्या बेतापर्यंत भाजलेलं सुकं खोबरं, आणि गूळ घातलाच तर नावाला. दुसऱ्या दिवशी ती जास्त चांगली लागते, याबद्दल मात्र दोन्हीकडे एकमत आहे.

आता शब्दाकडे. सासूबाईंची उपपत्ती आधी बाजूला ठेवू, कारण पुरणाच्या स्वयंपाकात ऐन वेळेला होत नाही अशी एखादी गोष्ट असेल तर ती हीच. सकाळी पहिली चुलीवर चढते ती डाळ. पुरण वाटायच्या आधी, कणीक तिंबायच्या आधी हे पाणी निथळून तयार असतं. ऐन वेळेला होतात त्या पोळ्या, त्याही शेवटचं पान बसेपर्यंत.

मराठीत ‘वेळणे’ असं एक क्रियापद आहे आणि घड्याळातल्या वेळेशी त्याचा काही संबंध नाही. शिजलेल्या पदार्थातलं जादा पाणी ओतून, गाळून काढणं म्हणजे वेळणं. कोकणात ‘भात वेळून घे’ हे आजही ऐकू येतं: तोंडावर झाकण दाबून धरायचं, पातेलं कलतं करायचं आणि पेज खालच्या भांड्यात काढायची. देशावर गव्हाच्या हातशेवया उकळत्या पाण्यात सोडून वेळतात आणि वर गूळ-तूप घालून खातात. हा वे बोलण्यात सर्रास ये होतो. वेडा-येडा, वेस-येस, वेल-येल. म्हणजे वेळणं झालं येळणं. डाळ येळली की जे हाती येतं ते येळवणी.

राहिलं शेपूट, ‘वणी’. माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे. गुळवणी, चिंचवणी, मिठवणी, पायवणी हे शब्द एका ओळीत मांडून पाहा. गुळाचं पाणी, चिंचेचं पाणी, मिठाचं पाणी, आणि पाय धुतलेलं पाणी, म्हणजे चरणतीर्थ. पायवणी तर संतवाङ्मयात सहज भेटतं. ‘वणी’ म्हणजे पाणीच. पाणी हा शब्द समासात दुसऱ्या जागी गेला की त्याचा प दोन स्वरांच्या मध्ये सापडतो, आणि असा सापडलेला प आपल्याकडे प्राकृतापासून व होत आला आहे. कपाटाचं कवाड झालं, कपर्दिकेची कवडी झाली, दीपावलीची दिवाळी झाली. त्याच वाटेने पाण्याचं वणी झालं, मधला आ तेवढा आखडला. सांगली-कोल्हापूरकडे पुरणपोळी ज्यात कुस्करून खातात त्या गुळवणीला आपण कधी ‘गूळ-पाणी’ असं सोडवून पाहत नाही, इतका तो शब्द घट्ट मुरला आहे.

इथे एक शंका रास्त आहे. मराठीत दुसरंही एक ‘वणी’ आहे. पाठवणी, बोळवणी यांत पाण्याचा थेंब नाही, ती क्रियापदावरून झालेली नामं. मग येळवणी हीसुद्धा ‘वेळण्याची क्रिया’ अशी का नसावी? व्याकरणाच्या दृष्टीने अशक्य नाही. पण वापर तसा नाही. ‘डाळीची येळवणी चालली आहे’ असं कोणी म्हणत नाही. येळवणी ओततात, फोडणीला घालतात, भुरकतात. पाठवणीचं नाव घेतलं की पाठवणं डोळ्यांपुढे येतं, येळवणीचं घेतलं की वाटी. शिवाय त्याच पंगतीत, त्याच पुरणपोळीच्या दुसऱ्या बाजूला गुळवणी बसलेलं असतं, आणि गूळ हे तर क्रियापदही नाही. म्हणून माझं मत पाण्याच्या बाजूने. (मेजवानीतली ‘वानी’ मात्र या दोन्हींपैकी नाही, ती फारसीतून आलेली आहे. जेवणावळीचे शब्द एका तोंडवळ्याचे दिसले म्हणून एका घरचे असतात असं नाही.)

तोंडवळ्यावरूनच तुमच्या नवऱ्याचा मुद्दा येतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. येळवस खरंच कानडी. लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पूजा मांडायची आणि मग भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. यातली भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. त्या दिवसांत शेतात, बाजारात जे हिरवं मिळेल ते, हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, पावटे, पालेभाज्या, हे सगळं बेसन आणि आंबट ताकात घोटून केलेली दाट भाजी. पुण्याच्या माणसाला ‘भज्जी वाढू का?’ विचारलं की तो झाऱ्याची वाट बघत बसतो. बीदर-कलबुर्गीकडे हाच सण ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणून होतो. एळ्ळु म्हणजे तीळ. कानडीत शब्दाच्या सुरुवातीचा ए बोलताना ‘ये’सारखा ऐकू येतो, म्हणून आपल्याकडे येळ्ळ अमावास्या, आणि तोंडातल्या तोंडात येळवस.

ही वर्षातली सातवी अमावास्या, कानडीत ‘एळु’ म्हणजे सात, म्हणून येळवस, असंही दरवर्षी छापून येतं. चैत्रापासून मोजलं तर मार्गशीर्षाची अमावास्या नववी येते. सात आणायला ज्येष्ठापासून मोजावं लागतं. पेरणीपासून वर्ष धरणाऱ्या शेतकऱ्याला तसं मोजणं परकं नाही, हे मान्य. पण कानडी नावात ळ जोड आहे. सातातला ळ एकेरी, तिळातला जोड. त्यामुळे तीळच.

पुढे काय झालं बघा. येळवस हा शब्द शहरात, शाळेत, कॅलेंडरात पोचला तेव्हा कोणाला तरी वाटलं की हे येळ म्हणजे वेळचं गावठी रूप. येडाचं वेडा करतो तसं येळचं वेळ केलं आणि ‘वेळा अमावास्या’ तयार झाली. तिथे मुळात व नव्हताच. येळवणीत मुळात व होता आणि तो बोलण्यात गेला. आज दोन्ही शब्द शेजारी ठेवले तर सख्ख्या बहिणी वाटतात, पण एकीचा ये कानडीतून आला आहे आणि दुसरीचा आपल्याच वे-चा झाला आहे. तुमच्या नवऱ्याची गफलत एवढीच, आणि लातूरच्या माणसाची ती होणं अगदी साहजिक आहे.

कानडीचंच नातं शोधायचं असेल तर ते तुमच्या माहेरच्या शब्दात आहे. ‘कट’ हा पुण्याच्या पंगतीत इतका सोवळा वाटणारा शब्द, पण कानडीत आणि तेलुगूतही डाळ शिजवलेल्या पाण्याला कट्टु म्हणतात. धारवाड-बेळगावकडे होळिगेबरोबर जे होतं त्याचं नावच ‘कट्टिन सारु’, म्हणजे शब्दशः कटाचं सार. संस्कृतातल्या क्वाथावरून कट ओढून आणायचा प्रयत्न अधूनमधून दिसतो. पण त्या धातूची मराठी वाट ठाऊक आहे: कढणे, काढा, कढी, आणि आजारी माणसाला देतात ते मुगाचं कढण. सगळीकडे ढ. त्यातून ट निघत नाही.

हा कट पुढे कोल्हापुरात मिसळीवर गेला. मटकीच्या उसळीवरचं लालभडक, तेलाचा तवंग आलेलं पाणी म्हणजे तिथे कट. त्यात बटाटेवडा बुडवला की कटवडा. पुण्यात त्याच पातळ रश्शाला सॅम्पल म्हणतात आणि नागपुरात तर्री. कडधान्य शिजवलेलं पाणी या अर्थापासून कोल्हापूरचा कट फार दूर गेलेला नाही, फक्त तिखट झाला आहे. पुरणाच्या ताटातला कट आणि मिसळीच्या वाडग्यातला कट एकच, हे सांगितलं की दोन्ही बाजूंची माणसं थोडी दुखावतात असा माझा अनुभव आहे.

म्हणजे हिशेब उलटा निघाला. सासरचा ‘कानडी’ वाटणारा शब्द दोन्ही अंगांनी मराठी, क्रियापद आपलं आणि पाणीही आपलं. माहेरचा ‘शुद्ध’ शब्द सीमेपलीकडच्या गणगोताचा. नवऱ्याला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

बाकीची नावं थोडक्यात. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरच्या पुरणपोळीबरोबर आमरस आणि रशी असते. ही रशी म्हणजे रश्शाची बहीण. नाशिक-नगरकडे ‘सार’ म्हणणारी घरं आहेत. विदर्भात पुष्कळ घरी पुरणाबरोबर कढीच होते, त्यामुळे तिथल्या माणसाला हा सगळा वाद ऐकून कंटाळा येण्याची शक्यता आहे.

येळवणी हा शब्द आज कोड्यासारखा का वाटतो याचं कारण कोशात नाही, ओट्यावर आहे. शहरात भात वेळणं बंद झालं. कुकरमध्ये पाणी मोजून घालतात, ते सगळं भातातच मुरतं. पुरणाची डाळही कुकरला लावली की तेच होतं, आणि विकतच्या पोळ्या आणल्या तर पाणी निघायचा प्रश्नच नाही. मग आमटीसाठी वेगळी डाळ शिजवून, घोटून, पाणी वाढवून ‘कटाची आमटी’ करतात. ती चवीला चांगली होते, पण तिच्यात निथळलेलं काही नसतं. वेळणं हे क्रियापदच रोजच्या बोलण्यातून गेलं तर त्याच्यापासून झालेलं नाव एकटं पडतं, आणि एकट्या पडलेल्या शब्दाला लोक जवळचा अर्थ चिकटवतात. ऐन वेळेची येळवणी ही त्यातलीच. वेलची घालतात म्हणून वेलवणी, असंही मी ऐकलं आहे. या आमटीत वेलची घालणारं घर अजून भेटायचं आहे.

तुमच्या वहीत येळवणीच लिहा. वेळवणी व्युत्पत्तीने बरोबर ठरेल, पण सासूबाईंच्या तोंडी नसलेला शब्द त्यांच्या नावावर कशाला? वाटल्यास खाली एक ओळ टाका: ‘वेळणे, म्हणजे पाणी निथळणे, यावरून.’ आणि कृती देताना वाटीभर डाळीला चार-पाच वाट्या पाणी, उघड्या पातेल्यात, हे मुद्दाम लिहा. नुसतं ‘डाळ शिजवून घ्यावी’ लिहिलंत तर पुढची पिढी कुकर लावणार आणि निथळायला काही उरणार नाही.

लिंगाचंही विचारून घ्या. पाणी नपुंसकलिंगी, म्हणून गुळवणी, पायवणी हे शब्दही मुळात नपुंसकलिंगी: ते गुळवणी, ते पायवणी. येळवणीला शेजारच्या आमटीचा गुण लागला आणि ‘ती येळवणी’ झाली. सासूबाई ‘येळवणी केली’ म्हणत असतील तर तसंच लिहा. नात्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजी ‘येळवणी केलंय’ म्हणाल्या तर त्यांना दुरुस्त करू नका, त्यांचं व्याकरण जुनं आहे.