ताण, मेंदू आणि आरएनएवरची खूण

प्रश्न : मानसिक ताणामुळे ‘आरएनएवर रासायनिक बदल’ होतात, असे वाचनात आले. म्हणजे ताणाने आपली जनुकेच बदलतात का? आणि रक्त तपासून नैराश्याचे निदान करता येईल का?

उत्तर : जनुकांचा मजकूर ताणाने बदलत नाही, बदलते ती त्याच्या नकलेवरची खूण. जनुकावरून प्रथिन तयार होण्यापूर्वी त्याची आरएनए ही नक्कल काढली जाते आणि तिच्यातील अ‍ॅडेनोसिन या घटकाला काही ठिकाणी एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा छोटा मिथाइल गट जोडला जातो. १९७४ मध्ये आढळलेल्या या खुणेला ‘एम-सिक्स-ए’ म्हणतात. ‘मेटल-३’ हे विकर (एन्झाइम) ती लावते, ‘एफटीओ’ ती पुसू शकते आणि काही प्रथिने ती ‘वाचून’ ती नक्कल लवकर नष्ट करायची की तिच्यापासून अधिक प्रथिन बनवायचे, हे ठरवण्यात भाग घेतात. चेतापेशीचे तंतू केंद्रकापासून फार लांबवर पसरलेले असल्यामुळे, तेथे आधीच पोहोचलेल्या नकलांचे काय करायचे हे जागच्या जागी ठरवता येण्याची सोय तिला विशेष उपयोगी पडते.

म्यूनिक येथील माक्स प्लांक मानसोपचार संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उंदरांना थोडा वेळ जखडून ठेवल्यावर ही खूण मेंदूच्या पुढच्या भागातील प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये एकंदरीने कमी झाली, तर भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डालामध्ये वाढली. त्याहून बुचकळ्यात टाकणारी गोष्ट पुढेच आहे : प्रौढ उंदरांच्या चेतापेशींतून खूण लावणारे विकर काढले काय किंवा पुसणारे काढले काय, दोन्ही वेळा भीतीची स्मृती अधिक तीव्र झाली. म्हणूनच ‘खूण वाढवणारे औषध घ्या, ताण घालवा’ असा सरळ हिशेब येथे चालत नाही, असे मला वाटते. कोणत्या नकलेवर, मेंदूच्या कोणत्या भागात आणि केव्हा, हे सारे पाहावे लागते.

रक्ताविषयी म्हणाल, तर ताणाच्या संप्रेरकासारखे काम करणारे औषध दिल्यावर निरोगी व्यक्तींच्या रक्तात या खुणेचे प्रमाण बदलले, मात्र तीव्र नैराश्य असलेल्यांमध्ये हा प्रतिसाद बिघडलेला दिसला. परंतु हा फरक गटागटांमधला आहे. एखाद्या व्यक्तीचे निदान आजही तिच्याशी बोलून, लक्षणे पाहूनच केले जाते, तेव्हा या खुणेच्या चाचणीची वाट न पाहता त्रास होत असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.