गेम मास्टरशिवाय रोलप्लेइंग गेम खेळता येतो का?

रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि सगळे बोलत बोलत गोष्ट पुढे नेतात; हा खेळ चालवणारा तो गेम मास्टर. तुमच्या पाच जणांच्या गटात दर वेळी एकाच मित्राला गेम मास्टर व्हावं लागतं, तो आता थकलाय, तर गेम मास्टरशिवाय खेळ चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल. मी दोन्ही प्रकारे बरीच वर्षं खेळत आलोय. मात्र गेम मास्टर नसला तरी त्याची कामं उरतातच. ती वाटून घ्यावी लागतात, आणि त्यातलं एक काम काही केल्या वाटता येत नाही.

मुळात हा माणूस खेळात आला तो पंच म्हणून. 19व्या शतकात प्रशियाच्या लष्करात जे युद्धखेळ खेळत, त्यांत एका बाजूचं लपलेलं सैन्य दुसऱ्या बाजूला दिसू नये म्हणून मध्ये पंच बसे. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा रोलप्लेइंग गेम आला तो युद्धखेळांच्याच परंपरेतून, आणि पंचही सोबत आला. गुपित राखणं हे त्याचं जुनं काम. त्यात गोष्ट रचणं, राक्षस चालवणं, नियमांचा निवाडा करणं, सगळ्यांना बोलायला मिळतंय ना हे पाहणं, अशी भर पडत गेली. एवढं सगळं एकाच्या गळ्यात पडल्यावर तुमचा मित्र थकणारच.

आम्ही पहिल्यांदा गेम मास्टर काढला तेव्हा नेहमीचाच खेळ तसाच पुढे चालवला. प्रत्येकानं आपल्या पात्रापुढे स्वतःच संकट उभं केलं आणि स्वतःच ते सोडवलं. तासाभरात सगळे गप्प. पुढे कळलं की पॉल चेगे या गेम डिझायनरच्या नावानं याबद्दल एक तत्त्वच ओळखलं जातं: अडचण आणि तिची सोडवणूक दोन्ही एकाच्याच हातात असली की खेळात मजा राहत नाही. मग आम्ही ठरवलं, तुझ्या पात्राची अडचण तुझ्या उजवीकडचा सांगेल. एवढ्या एका बदलानं खेळ पुन्हा जिवंत झाला.

त्यापेक्षाही सोपं म्हणजे मुळातच गेम मास्टर नसलेला खेळ घ्या. 'फियास्को'मध्ये (2009) आपल्या पाळीला प्रसंगाची मांडणी तरी आपण करायची किंवा शेवट कसा होणार ते तरी आपण ठरवायचं, उरलेलं बाकीच्यांकडे. तीन ते पाच जणांसाठीच आहे, तुम्हाला नेमका बसेल. 'द क्वाएट इयर'मध्ये 52 पत्ते म्हणजे वर्षाचे 52 आठवडे, आणि सगळे मिळून एका वस्तीचा नकाशा काढतात. तिथे वेळेचं भान पत्तेच ठेवतात.

आता न वाटता येणारं काम. खून कोणी केला हे आधीच ठरलेलं असावं आणि आपण ते शोधून काढावं, हा आनंद हवा असेल, तर उत्तर कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. छापील कथानक त्यात थोडी मदत करतं. पण सगळ्यांनी मिळून जागच्या जागी रचलेलं रहस्य रंगतं, उलगडल्यासारखं मात्र वाटत नाही. मला स्वतःला हा फरक फार जाणवतो, म्हणून रहस्यकथा खेळायची तर मी आजही गेम मास्टर मागतो.

गटात कुणी अबोल असेल तर पाळीचा क्रम कडक ठेवा. नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस न नेमताच गेम मास्टर होऊन बसतो, हे मी दोनदा पाहिलंय.

तुमच्या जागी मी असतो तर आधी 'फियास्को'चा एक डाव मांडला असता, आणि त्या मित्राला पहिल्यांदाच फक्त खेळाडू म्हणून बसवलं असतं. नंतर परत मोठी मोहीम, म्हणजे अनेक बैठकी चालणारी गोष्ट, सुरू करायची झाली, तर दर भागाला नवा गेम मास्टर नेमा. 1987 सालच्या 'आर्स मॅजिका'नं ही पाळीपाळीची पद्धत नियमपुस्तकातच सुचवली होती.