वाचकांचे प्रश्न : खिशाला परवडणारा, खांद्याला पेलणारा लॅपटॉप

बारावीचा निकाल लागून कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की लॅपटॉपविषयी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे येऊ लागतात. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असून शृंगारतळीहून रोज एस.टी.ने चिपळूणला जाऊन-येऊन शिकते. तिच्यासाठी ४० हजारांपर्यंतचा लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदाराने साधारण एकाच किमतीचे दोन दाखवले, एक १५.६ इंची आणि एक १४ इंची. त्याच पैशांत मोठा पडदा मिळतो आहे तर तोच घ्यावा, असे घरातील सर्वांचे म्हणणे आहे. आपण काय सुचवाल? (एक पालक, शृंगारतळी)

उत्तर : मी १४ इंची घ्या असे सांगेन, आणि त्याचे कारण आपण पत्रात लिहिलेला एस.टी.चा रोजचा प्रवास हेच आहे. १५.६ इंची स्वस्त लॅपटॉपचे वजन बहुधा १.६ ते १.९ किलोच्या दरम्यान असते, त्यात पाव किलोचा चार्जर, डबा, पाण्याची बाटली, वह्या आणि पावसाळ्यात ओली छत्री मिळवली की उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलीच्या खांद्यावर रोज चार किलोंचे ओझे सहज होते. मग आठ-पंधरा दिवसांतच लॅपटॉप घरी राहू लागतो, आणि जो बरोबर न्यायचा म्हणून घेतला तो कपाटावर पडून राहतो. १४ इंची लॅपटॉप १.३ ते १.५ किलोत मिळतो. फरक तीन-चारशे ग्रॅमचाच असला तरी तो दुकानात उचलून पाहताना कळत नाही, चालत्या गाडीत दांडीला धरून उभे राहिल्यावर कळतो. दुकानात जाताना मुलीला तिची नेहमीची सॅक घेऊन जाऊ द्यावे, लॅपटॉप चार्जरसह आत ठेवून पाहावा आणि मगच निर्णय करावा.

आता हे ४० हजार कोणत्या भागांवर घालावेत, हा खरा प्रश्न आहे. लॅपटॉपमधील काही भाग पुढे बदलता येतात आणि काही कधीच येत नाहीत, तेव्हा हातचे पैसे न बदलता येणाऱ्या भागांवर आधी घालावेत. साठवणुकीची एसएसडी बहुतेक लॅपटॉपमध्ये नंतर मोठी बसवता येते, म्हणून २५६ जीबीवरही सुरुवात करायला हरकत नाही. मात्र ती एसएसडीच असल्याची खात्री करावी, कारण अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये तिच्या जागी ईएमएमसी नावाची संथ साठवण बोर्डावरच झाळलेली असते. रॅमच्या, म्हणजे चालू कामे धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या, बाबतीत अधिक सावध राहावे लागते. हलक्या लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा बोर्डालाच झाळलेली असते आणि पुढे एक जीबीही वाढवता येत नाही. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम पुरते असे मायक्रोसॉफ्टच सांगते, पण ४ जीबीवर ते केवळ चालू होते, त्यावर काम होत नाही. ब्राउझरच्या दहा खिडक्या, एक एक्सेलची फाइल आणि एक ऑनलाइन तास एवढ्यावरच ते अडखळू लागते. रॅम झाळलेली असेल तर तीन वर्षांचा विचार करून १६ जीबी घ्यावी, वाढवण्यासाठी मोकळी खाच असेल तर ८ जीबीवर आज निभावते. ‘या मॉडेलला रॅमचा रिकामा स्लॉट आहे का?’ हा एक प्रश्न दुकानदाराला विचारावाच, आणि उत्तर कंपनीच्या माहितीपत्रकावर बोट ठेवून मागावे.

पडदाही न बदलता येणाऱ्या भागांतच धरावा, कारण तो बदलता येत असला तरी परवडत नाही. १९२० × १०८० ठिपक्यांचा, आयपीएस प्रकारचा (तिरक्या कोनातूनही रंग नीट दाखवणारा) आणि चकाकी नसलेला पडदा मागावा. टीएन हा स्वस्त प्रकार टाळावा, तो ओळखायला सोपा असतो : लॅपटॉप समोर ठेवून पडदा हळूहळू मागे कलता करावा, पडद्यावरील चेहऱ्यांचे रंग काळपट किंवा उलटे दिसू लागले तर तो टीएन आहे. रोज चार-चार तास अशा पडद्याकडे पाहून अभ्यास करणे डोळ्यांना जाच होतो, म्हणून माझ्या दृष्टीने हा मुद्दा प्रोसेसरच्याही आधीचा आहे.

प्रोसेसरवर बहुतेक घरांत नको तितका खल होतो. इंटेलच्या सेलेरॉन एन ४०२० सारखा दोन गाभ्यांचा (कोअरचा) प्रोसेसर टाळावा, एवढे पथ्य पाळले तर बी.कॉम.च्या अभ्यासाला कोअर आय ३–१२१५ यू किंवा त्या पंक्तीतील कोणताही प्रोसेसर पुरून उरतो. नावातील मोठ्या आकड्याला मात्र भुलू नये. एएमडी कंपनीचे रायझन ५–७५२० यू आणि रायझन ५–७५३० यू ही नावे जुळ्या भावंडांसारखी दिसतात, परंतु त्या ७००० मालिकेत तिसरा अंक प्रोसेसरची घडण सांगतो. पहिल्यात तो २ आहे, म्हणजे जुनी झेन २ घडण आणि चार गाभे. दुसऱ्यात तो ३ आहे, म्हणजे झेन ३ आणि सहा गाभे. दोन्हींवर ‘५’ लिहिलेले असल्याने घेणारा फसतो.

बॅटरी ‘दहा तास चालते’ असे खोक्यावर छापलेले असेल तर ते सोडून द्यावे आणि वॅट-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा, आकडा पाहावा. साधे लिहिण्या-वाचण्याचे काम करताना असा लॅपटॉप सुमारे ८ वॅट वीज घेतो असे धरले, तर ४० वॅट-अवरची बॅटरी पाच तास आणि ५० वॅट-अवरची सहा तासांच्या वर जाईल. शक्य असेल तर टाइप-सी मधून चार्ज होणारा लॅपटॉप निवडावा, म्हणजे चार्जर कॉलेजात विसरला तरी मैत्रिणीच्या चार्जरवर त्या दिवसाची वेळ भागते.

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यातील एका पतसंस्थेत लेखनिक आहे. सभांची इतिवृत्ते मराठीत लिहिणे, एक्सेलमधील हिशेब आणि डिजिटल स्वाक्षरी लावून विवरणपत्रे भरणे ही माझी कामे आहेत. काम घरीही न्यावे लागते, म्हणून हलका लॅपटॉप हवा आहे. क्रोमबुक स्वस्त पडते असे ऐकले. ते चालेल का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : आपल्या कामासाठी चालणार नाही. क्रोमबुकवर विंडोजऐवजी गूगलची क्रोमओएस ही प्रणाली असते. ते वाईट नाही, ब्राउझरमध्येच सर्व काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ते पुरते. पण डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे (पेन ड्राइव्हसारख्या उपकरणाचे) सॉफ्टवेअर आणि कचेरीतील जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर (तो चालवणारे सॉफ्टवेअर) बहुधा विंडोजसाठी बनवलेला असतो, आणि नेटवर्क गेले की क्रोमबुकवरचे बरेचसे काम थांबते. ड्रायव्हरच्याच कारणासाठी स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपही आपण तूर्त घेऊ नयेत. त्यांची बॅटरी उत्तम टिकते, परंतु जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर त्यांच्यावर चालतीलच असे नाही.

लॅपटॉपला जुना, रुंद यूएसबी पोर्ट निदान एक तरी आहे हे पाहावे, कारण टोकन त्यातच बसते. अगदी सडपातळ लॅपटॉपमध्ये दोन्ही पोर्ट टाइप-सी असतात आणि मग जोडणीचा तुकडा सांभाळत बसावे लागते, जो विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी हटकून सापडत नाही. कीबोर्डवर दुकानातच एक परिच्छेद लिहून पाहावा. कळ मधोमध दाबली असता आजूबाजूचा पत्रा खाली दबत असेल, तर इतिवृत्ते लिहिणाऱ्या माणसाने तो लॅपटॉप तेथेच ठेवून यावे.

आपण मराठी कशात लिहिता ते पत्रात नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची संकेतपद्धती) नसलेल्या फॉण्टमध्ये लिहिलेली इतिवृत्ते नव्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो, कारण तेथे मराठी अक्षर साठवलेलेच नसते, इंग्रजी अक्षराला मराठीचे चित्र चढवलेले असते. नवा लॅपटॉप ही ती सवय सोडण्याची चांगली संधी आहे. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीच असतो, सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की पुरे. त्यातील इनस्क्रिप्टची मांडणी शिकून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन : डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, अशी ती शास्त्रशुद्ध मांडणी आहे आणि दोन-तीन आठवड्यांच्या सरावाने बोटांत बसते. जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात, मात्र जोडाक्षरे आणि रफार त्यांत हमखास चुकतात, म्हणून सभासदांची नावे आणि ठरावांचा मजकूर मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

‘ऑफिस मोफत’ असे सांगितले तर ते कायमचे आहे की एका वर्षाचे, हे विचारावे. मायक्रोसॉफ्ट ३६५ दरवर्षी पैसे मागते, ऑफिस २०२४ सारखे एकदाच पैसे देऊन घेतलेले ऑफिस त्या यंत्रावर कायम राहते. तसा खर्च नको असेल तर लिबरऑफिस खरोखरच मोफत आहे आणि मराठीही नीट हाताळते. संस्थेच्या नावाने खरेदी होणार असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक आधीच घालून घ्यावा, लॅपटॉपवरील १८ टक्के कर ही काही लहान रक्कम नव्हे.

प्रश्न : आमचे घर हर्णैला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. पहिला लॅपटॉप दोन वर्षांतच बंद पडला, दुरुस्ती करणाऱ्याने ‘हवेने खाल्ला’ असे सांगितले. दुसरा घेताना आणि वापरताना काय काळजी घ्यावी? (एक वाचक भगिनी, हर्णै)

उत्तर : दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले ते खरे आहे. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण यंत्रात बसतात, मीठ दमट हवेतील ओलावा ओढून घेते आणि तो खारा ओलावा तांब्याच्या रेघा आणि पिना खातो. तांब्याच्या भांड्यावर जो हिरवा थर चढला की आपण चिंच लावून घासतो, तसाच थर मी किनाऱ्यावरच्या एका घरातील लॅपटॉपच्या चार्जिंग पिनेभोवती पाहिला आहे. बोर्डावर मात्र चिंच चालत नाही.

त्यावरचा पहिला उपाय म्हणजे लॅपटॉप रोज वापरणे. चालू यंत्राची ऊब आतील ओलावा उडवते, आणि पावसाळ्यात कपाटात महिनाभर बंद राहिलेला लॅपटॉप रोज तासभर चाललेल्या लॅपटॉपपेक्षा आधी बिघडतो. तो समुद्राकडच्या खिडकीत किंवा पडवीत न ठेवता आतल्या खोलीत ठेवावा, आणि काम संपल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर उत्तमच. यंत्र पूर्ण गार झाल्याशिवाय मात्र डब्यात घालू नये. आठवड्यातून एकदा ते बंद करून कोरड्या मऊ फडक्याने कीबोर्ड आणि पोर्टांच्या कडा पुसाव्यात. वातानुकूलित कचेरीतून बाहेर दमट हवेत आल्याबरोबर लॅपटॉप उघडू नये, थंड यंत्रावर दव धरते. अर्धा तास तो पिशवीतच राहू द्यावा. पाणी सांडलेच तर चार्जर काढून, लगेच बंद करून, तंबूसारखा पालथा ठेवावा आणि तंत्रज्ञाकडे न्यावा. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय करू नये, तांदळाची पूड आत जाते आणि खारे पाणी जागच्या जागीच राहते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की चार्जर भिंतीतून काढावा आणि इंटरनेटची तारही काढावी. केवळ बटण बंद करून भागत नाही. आपल्याकडच्या जांभ्या कातळावर अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे लागते. जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत झाली की अर्थिंग दुबळे पडते. धातूच्या लॅपटॉपला हात लावताच बारीक मुंग्या येत असतील तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे आणि वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे.

घेताना वॉरंटीचा कागद नीट वाचावा. पाण्याने किंवा गंजाने झालेला बिघाड साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण मिळते आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याने ते घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचबरोबर आपल्या पिनकोडला कंपनीचा माणूस घरी येतो का, हे कंपनीच्या दूरध्वनीवर स्वतः विचारावे. दुकानदाराच्या ‘येतो की’ वर विसंबू नये. सेवा केंद्र दूर असले तर ‘घेऊन या’ प्रकारच्या वॉरंटीत प्रत्येक बिघाडाला दिवस मोडतो.

आणि लॅपटॉपहून मोलाचे जे आत असते, त्याची एक प्रत बाहेर ठेवावी. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या दापोली-मंडणगड भागात कितीतरी दिवस वीज नव्हती, हे आपणास ठाऊक आहेच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा माझ्या एका स्नेह्यांच्या तळमजल्यावरील कचेरीतील दोन्ही संगणक गेले. संगणक पुन्हा घेता आले, पण दहा वर्षांचे हिशेब केवळ एका पेन ड्राइव्हमुळे वाचले, आणि तो पेन ड्राइव्ह त्या रात्री सहज म्हणून घरी नेलेला होता. दर शनिवारी एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर आणि एक इंटरनेटवरील साठ्यात, अशी सवय लावून घ्यावी.

प्रश्न : मी राजापूरला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. माझ्याजवळ २० हजार रुपये आहेत. नवा घ्यावा की जुना? (एक विद्यार्थी, राजापूर)

उत्तर : एवढ्या पैशांत ईएमएमसीचा नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा कंपन्यांच्या वापरातून निघालेला, नीट तपासून दिलेला लेनोवोचा थिंकपॅड किंवा डेलचा लॅटिट्यूड घ्यावा. त्यांचे कीबोर्ड आणि बिजागऱ्या नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कितीतरी मजबूत असतात. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा, म्हणजे मॉडेलच्या आकड्यांची सुरुवात ८ पासून पुढे असावी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असून सातव्या पिढीच्या बहुतेक यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, त्यामुळे दोन-तीन हजार वाचवण्यासाठी सातव्या पिढीचे यंत्र घेऊ नये. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी एवढे पुरे आहे. लॅपटॉप दुकानातच चालू करून बॅटरीचा अहवाल काढून मागावा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात, आणि दुसरा पहिल्याच्या तीन-चतुर्थांशाहून कमी असेल तर बॅटरी नवी बसवून द्यायला सांगावे किंवा तेवढी किंमत कमी करून घ्यावी. चार्जिंगची पिन आणि तळाचे स्क्रू उजेडात धरून पाहावेत. त्यांवर गंजाचा डाग असेल तर ते यंत्र आधी कोठे तरी ओलाव्यात राहिलेले आहे, ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.