गरब्याच्या मंचावर माझी स्ट्रॅट इलेक्ट्रिक गिटार फार गुणगुणते. कोणते पिकअप बसवू?

पिकअप म्हणजे तारांचा कंप टिपणारा, चुंबक आणि बारीक तारेचं वेटोळं (कॉइल) असलेला भाग. स्ट्रॅटच्या एका कॉइलवाल्या (सिंगल कॉइल) पिकअपच्याच मापाचे, पण आत एकावर एक दोन कॉइल असलेले ‘नॉइजलेस’ पिकअप बसवा. लाकूड कोरावं लागत नाही आणि स्ट्रॅटचा खणखणीतपणा बराचसा टिकतो. एकटी कॉइल विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडते, त्यात मंचावरच्या दिव्यांचे डिमर भर घालतात. दुसरी कॉइल उलटी जोडली की ती गुणगुण कटते. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली हंबकरच्या, म्हणजे गुणगुण मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपच्या, पेटंटसाठी अर्ज केला तो याच युक्तीवर. मी बडोद्यात गरबा वादकांच्या गिटारी दुरुस्त करतो, म्हणून आग्रहानं सांगतो, पैसे घालण्याआधी ॲम्प चालू ठेवून गिटारसकट जागच्या जागी हळूहळू फिरा. दिशेप्रमाणे आवाज कमी-जास्त झाला तर तो कॉइलमधूनच येतोय. पण तारांना हात लावताच आवाज दबत असेल तर नवे पिकअप घेऊ नका; आतल्या खोबणीला आणि पिकगार्डच्या (तारांखालच्या पातळ पत्र्यासारख्या झाकणाच्या) मागे तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडा, काम खूप स्वस्तात होतं. मोठा हंबकरच हवा असेल तर २५० ऐवजी ५०० किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे रोधक) लावा, नाहीतर आवाज दबका येतो.