एन्क्रुमा: पंतप्रधान, राष्ट्रपती की शासनप्रमुख?

घानाच्या क्वामे एन्क्रुमांना एका लेखात पंतप्रधान म्हटलंय, दुसऱ्यात राष्ट्रपती, तिसऱ्यात शासनप्रमुख. यातलं बरोबर कुठलं, असा प्रश्न आहे. आधी साल बघा, शब्द आपोआप ठरतो.

‘पंतप्रधान’ म्हटलं की त्याच्या वर कुणीतरी असतंच. पहिल्या बाजीरावाचा शिक्का आठवा: ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. कारभार पेशव्यांचा, पण पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून यायची.

एन्क्रुमांचा पहिला हुद्दा तर याहूनही तोकडा. फेब्रुवारी १९५१ ची निवडणूक झाली तेव्हा ते अक्रातल्या जेम्स फोर्ट तुरुंगात होते. तिथूनच जिंकले, पक्षालाही बहुमत मिळालं आणि ब्रिटिश गव्हर्नर आर्डन-क्लार्क यांना त्यांची सुटका करून सरकार बनवायला बोलवावं लागलं. पद मिळालं ते ‘सरकारी कामकाजाचे नेते’ असं. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत अध्यक्षस्थानी गव्हर्नरच! तेव्हा १९५१ साठी ‘पंतप्रधान’ लिहिणं घाईचं होईल. ते पद मार्च १९५२ मध्ये आलं. ६ मार्च १९५७ ला गोल्ड कोस्ट स्वतंत्र होऊन घाना झाला, तरी राष्ट्रप्रमुख राणी एलिझाबेथ आणि शासनप्रमुख एन्क्रुमा, अशीच वाटणी राहिली. (‘शासनप्रमुख’ हे पदाचं नाव नव्हे, कामाचं वर्णन. नावामागे बिरुदासारखं लावू नये.)

१ जुलै १९६० ला प्रजासत्ताक आलं, पंतप्रधानपद गेलं आणि दोन्ही अधिकार एन्क्रुमांकडे आले. इथे ‘राष्ट्रपती’ चूक नाही, पण आपल्याला त्या शब्दाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करणारं पद आठवतं. एन्क्रुमांनी १९६४ मध्ये एकपक्षीय राजवट आणली, स्वतः तहहयात अध्यक्ष झाले. मी ‘राष्ट्राध्यक्ष’ किंवा नुसतं ‘अध्यक्ष’ लिहीन. अमेरिकेच्या बाबतीत आपण लिहितोच की. २४ फेब्रुवारी १९६६ ला लष्कराने सत्ता घेतली तेव्हा ते हनोईला जाताना पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) होते. त्या प्रसंगी ‘पंतप्रधान पदच्युत’ लिहिलंत तर साफ चूक. पुढे गिनीत तिथले अध्यक्ष सेकू तुरेंनी त्यांना मानाचं सहअध्यक्षपद दिलं. सत्ता अर्थात तुरेंचीच.

घानात पंतप्रधानपद परतलं ते १९६९ मध्ये, कोफी बुसियांच्या रूपाने. त्यांच्या काळात १९७० पासून नामधारी पदावर असलेल्या एडवर्ड अकुफो-अडोंना मात्र खुशाल ‘राष्ट्रपती’ म्हणा.