रविवारच्या फोनसाठी आवरून ठेवलेला कोपरा

डॅलसजवळच्या एका उपनगरातून २६ वर्षांच्या एका मुलीचे पत्र आले आहे. ती मूळची सांगलीची. स्थापत्य अभियांत्रिकीत एमएस करण्यासाठी ती अमेरिकेत आली, शिक्षण संपल्यावर एका लहान कंपनीत लागली आणि आता शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, म्हणजे ओपीटीवर, तिचे शेवटचे वर्ष सुरू आहे. परदेशी पदवीधरांना अमेरिकेत नोकरी करू देणाऱ्या एच-वन-बी व्हिसासाठी तिचे नाव दोनदा नोंदवले गेले आणि दोन्ही वेळा निवडीत आले नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पुढचा मजकूर मात्र तिच्या संमतीने, तिच्याच शब्दांत देते आहे.

"रविवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल येण्याआधी मी लॅपटॉप खिडकीशेजारच्या भिंतीकडे वळवते, कारण खोलीतला तेवढा एकच कोपरा नीट दिसतो. दुसऱ्या बाजूला जमिनीवर गादी आहे, घड्या न घातलेले कपडे आहेत, आदल्या रात्रीची भांडी आहेत. मी पायजम्यावरच कुर्ता चढवते आणि केस बांधते. आई विचारते, 'कशी आहेस?' मी म्हणते, 'मस्त.' मग ती म्हणते, 'जरा काळवंडल्यासारखी दिसतेस गं,' आणि मावसबहिणीच्या लग्नाचा विषय निघतो. फोन ठेवला की मी तासभर तशीच बसून राहते. माझ्याबरोबरच्या सगळ्यांचे काही ना काही झाले. कुणाचे लग्न झाले, कुणाचा व्हिसा झाला, कुणी घर घेतले. माझे काय झाले, ते मला सांगता येत नाही. ताई, मी आत्मविश्वास कुठून आणू?"

तुझे पत्र मी तीनदा वाचले. तू आळशी नाहीस, भित्री नाहीस आणि तुझ्या आईला वाटते तशी "जरा हळवी"ही नाहीस. तू गेली काही वर्षे अशा व्यवस्थेत जगते आहेस, जिथे तुझा प्रत्येक दिवस कुणीतरी मोजतो आहे. ओपीटीची मुदत १२ महिन्यांची असते आणि तुझ्यासारख्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना ती आणखी २४ महिने वाढवून मिळू शकते. पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांहून अधिक काळ नोकरीशिवाय राहता येत नाही आणि मुदतवाढ मिळाली तरी सगळे मिळून ही मर्यादा १५० दिवसांचीच असते. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बेकारीचे दिवस खोडत बसते, तेव्हा मोजण्याची ती सवय नोकरी लागल्यावरही सुटत नाही. मग ती स्वतःलाच मोजू लागते, आणि मोजायला मापे हाती असतात ती दुसऱ्यांचीच.

त्यातले सर्वांत चुकीचे माप व्हिसाच्या निवडीचे आहे. एच-वन-बीची वार्षिक मर्यादा ६५,००० आहे, अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा आहेत, आणि नावे नोंदवणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी असते, म्हणून दोन्ही वेळा तुझे नाव सोडतीत गेले. ज्या क्षणी संगणकाने तुझे नाव उचलले नाही, त्या क्षणी तुझे काम कुणी उघडूनही पाहिलेले नव्हते. तू आखलेला नाला, तू तपासलेले गणित, वरिष्ठांच्या आराखड्यातली तू पकडलेली चूक, यांतले काहीच त्या सोडतीपुढे गेले नव्हते. तरीही तू पत्रात लिहितेस की "दोनदा नापास झाले". हा शब्द तू खोडून टाकावास, असे मी तुला अगदी आग्रहाने सांगते. ज्या परीक्षेत उत्तरपत्रिकाच नसते, तिथे कुणी नापास होत नाही.

मुंबईच्या एका घरातल्या दोन बहिणींची आठवण तुला करून देते. धाकटी कमला भागवत, पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तेव्हा त्यांची विशी नुकतीच सुरू झाली होती. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला. पहिले वर्ष त्या केवळ चाचणीवर राहतील आणि संचालकांचे समाधान झाल्याखेरीज त्यांच्या कामाला मान्यता मिळणार नाही, अशा त्या अटी होत्या. वर्षभर एक तरुण मुलगी रोज प्रयोगशाळेत जात होती आणि तिचे तिथे असणे दुसऱ्या कुणाच्या समाधानावर टांगलेले होते. तुला हे ओळखीचे वाटेल. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या. मला मात्र अधिक मोलाची वाटते ती नंतरची गोष्ट. उतारवयात, इतके सगळे मिळवून झाल्यावरही, त्या वागणुकीचा सल त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला होता. दुखावले जाणे आणि खंबीर असणे या दोन गोष्टी एकाच बाईत साठ वर्षे शेजारी शेजारी राहू शकतात, हे आपल्या मुलींना कुणी सांगत नाही. दुखणे थांबले की आत्मविश्वास येईल, अशी वाट पाहत त्या बसून राहतात.

थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. त्यांनीही डॉक्टरेटसाठी संशोधन सुरू केले होते. पण जंगलभागात फिरत असताना विषबाधा झाली, काही वर्षे अंथरुणात गेली आणि ती पदवी राहून गेली ती गेलीच. धाकटीच्या हाती केंब्रिजची पदवी आणि थोरली आजारपणात, असे दिवस त्या घराने पाहिले असतील. त्या काळात कुणी नातेवाइकाने "मोठीचे काय झाले?" असे विचारले असते, तर एका वाक्यात सांगण्याजोगे उत्तर घरात कुणाकडेच नसते. त्याच दुर्गाबाई १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात निर्भयपणे बोलल्या. तुझेही पुढे असेच मोठे काहीतरी होईल, असे आश्वासन मी तुला देत नाही, कारण ते कुणालाच देता येत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, सव्विसाव्या वर्षी हिशेब मांडून खाली बेरीज लिहिता येत नाही, आणि ती लिहिता येत नाही यात तुझा काही दोष नाही.

आता करण्याजोग्या गोष्टींकडे येते. एक साधी वही घे आणि दर शुक्रवारी संध्याकाळी त्यात दोन-चार ओळी लिही: या आठवड्यात मी काय ठरवले, काय पार पाडले, कुणाला काय समजावले. व्हिसा, बाजाराची मंदी, कंपनीची कपात यांना त्या वहीत जागा नाही. सुरुवातीला ओळी सुचणार नाहीत, कारण स्वतःच्या कामाला काम म्हणण्याची आपल्याला सवय नसते. "एवढे काय त्यात" ही आपल्या घरांतली फार जुनी आणि फार नुकसान करणारी सवय आहे. तू लिहिले आहेस की बैठकीत तुझे नाव चुकीचे उच्चारले जाते आणि तू हसून सोडून देतेस. पुढच्या वेळी हसू नकोस. शांतपणे एकदा, आणि लागलेच तर दुसऱ्यांदा, बरोबर उच्चार सांग. गोष्ट लहान आहे, पण दिवसातून दहा वेळा चुकीच्या नावाला ओ देणारी मुलगी हळूहळू स्वतःची जागाही दुसऱ्यांना ठरवू देते, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

जवळच्या महाराष्ट्र मंडळात तू "गर्दीत जाऊन एकटीच उभी राहते" म्हणून जात नाहीस. पाहुणी म्हणून जाऊ नकोस, काम मागून घे. गणपतीत पानांवर वाढायला, मंडळाच्या मराठी शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवायला, नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टिंग करायला माणसे नेहमीच कमी पडतात. हातात काम असलेल्या मुलीला "मग, पुढे काय ठरवलेस?" असे विचारायला लोकांना फारशी सवड मिळत नाही, आणि तिथली एखादी काकू तुला हक्काने डबा भरून देईल, ते वेगळेच.

पत्राच्या शेवटी तू एक स्थळ आल्याचे लिहिले आहेस. मुलगा एच-वन-बीवर आहे आणि घरचे म्हणतात की "निदान तुझा राहण्याचा प्रश्न तरी सुटेल". याबाबत मला स्पष्ट बोलले पाहिजे. मुलगा आवडला तर जरूर लग्न कर, पण व्हिसाचा उपाय म्हणून करू नकोस. अवलंबितांच्या एच-फोर व्हिसावर राहता येते, पण काम करण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. २०१५ पासून ती काही जणींना मिळू लागली, पण साधारणपणे जोडीदाराच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला कंपनीने केलेला अर्ज मंजूर झालेला असेल तरच. त्यामुळे हो म्हणण्याआधी त्या मुलाला त्याची प्रक्रिया कुठवर आली आहे हे सरळ विचार. असे विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि तुझ्या तिसऱ्या नोंदणीविषयी कंपनीच्या वकिलाशी स्वतः बोल, कारण नियम बदलत असतात आणि मैत्रिणींच्या गटात फिरणारी माहिती बहुधा जुनी असते.

आता मुलींच्या आईवडिलांशी बोलते, मग तुम्ही सांगलीत असा किंवा टोरांटोत. परदेशातल्या तुमच्या मुलीचे निम्मे आयुष्य अटींवर चाललेले असते. नोकरी असेल तर राहता येते, वरिष्ठ खूश असतील तर नोकरी राहते. निदान घरी तरी तिच्यासाठी कसलीही अट नसावी. तुमचे प्रेम विनाअट आहे, याबद्दल मला शंका नाही. पण "वजन वाढलेय का", "रंग उतरलाय", "अमक्याच्या मुलीने घर घेतले" ही वाक्ये तिच्या कानांवर निकालपत्रासारखी पडतात. तुम्ही तिच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवले असेल, तर ती प्रत्येक कॉफीच्या पैशाचा रुपयांत हिशेब करते आहे, हे लक्षात घ्या. कर्जाविषयी मौन ठेवू नका. किती फिटले, किती राहिले आणि ती काही महिने कमी पाठवू शकली तर काय करता येईल, हे आकडे मांडून तिच्याशी बोला. मौनामुळे तिच्या मनात ते कर्ज असते त्याच्या दुप्पट होते. जिथे मुली परदेशातच जन्मल्या, तिथे कर्ज नसते, पण "आम्ही तुमच्यासाठी इतके सोडून आलो" हे वाक्य असते, आणि त्याचेही हप्ते मुलीच भरतात.

मी १९९४ मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीत आले तेव्हा २३ वर्षांची होते. मला कामाची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती आणि दुपारी घरातल्या फ्रिजच्या घरघरीखेरीज कसलाच आवाज नसे. आईला पाठवायच्या निळ्या हवाई पत्रात मी दर पंधरवड्याला "इकडे सर्व छान" असे लिहीत असे. आई गेल्यावर तिची मला आलेली पत्रे मी एकदा क्रमाने लावून वाचली. त्याच महिन्यांत बाबांचे डोळ्यांचे दुखणे वाढत गेले होते, आणि तिच्या प्रत्येक पत्राची सुरुवात "आम्ही सर्व मजेत" अशी होती. दोघी एकमेकींना जपत होतो आणि त्या जपण्यात दोघीही एकट्या पडल्या होत्या. त्या वर्षांची हळहळ मला अजून वाटते, म्हणून हे इतक्या कळकळीने लिहिते आहे.

तू फोननंतर तासभर बसून राहतेस असे लिहिले आहेस. झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल किंवा जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील, तर वह्या आणि मंडळे बाजूला ठेव आणि आधी मदत घे. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र कुणीतरी बोलायला असते. ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. भारतातल्या पालकांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना समुपदेशनाच्या काही भेटी विनामूल्य देतात. तुझ्या कंपनीत तशी सोय आहे का, ते मनुष्यबळ विभागाला विचार.

आणि येत्या रविवारी लॅपटॉप भिंतीकडे वळवू नकोस. गादी दिसू दे, भांडी दिसू देत. सगळे एकदम सांगण्याची गरज नाही, आईला आधी एवढेच म्हण, "आई, आज मला उपाय नकोत, तू फक्त ऐक." कदाचित ती घाबरेल, कदाचित पहिल्यांदा भांड्यांवरूनच बोलेल. तिला तेवढा वेळ दे. ती काय म्हणाली, ते मला पुढच्या पत्रात कळव.